नाद नक्की कशाचा?

नांदेडच्या विद्यापीठाजवळच्या नेट कॅफेत भरदुपारी लाइट गेली, तेव्हा देविका चॅटवर एका अनोळखी मुलाला तापाचं औषध सांगत होती. शेजारच्या केबिनमधला पोरगा धडपडत बाहेर आला आणि तिलाच विचारू लागला, "जनरेटर हाय का न्हाई हितं?"

लाइट येईपर्यंत दोघं बाहेर चहाच्या टपरीवर बसले. त्याचं नाव सिद्धलिंग, गाव किल्लारीकडचं, एमएस्सीला होता. एवढी कसली घाई, असं तिनं हसत विचारलं. तो म्हणाला, जगात कुठं कुठं जमीन हलली ते दाखवणारं एक पान असतं, ते तो दिवसभर उघडून बसतो. भूकंपात आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता... नकाशावर आपला भाग कोरा दिसला की बरं वाटतं. पण थोडाच वेळ.

"आणि तुम्ही?"

"एमबीबीएस," देविका बोलून गेली. जिभेला सवयच झाली होती. लातूरला क्लास लावूनही मेडिकलचा नंबर दोनदा हुकला. उदगीरला घरी कुणी रागावलं नाही, पण कुणी नीट बोलेनासंही झालं. आता ती मानसशास्त्रात एमए करत होती, नावापुरती. नेटवर मात्र ती डॉक्टर होती. तिथं कुणी मार्क विचारत नव्हतं.

मग रोजच चहा होऊ लागला. तो कपाकडे बघत बोलायचा आणि मधेच एकदम तिच्याकडे असा बघायचा, की तिचं पुढचं वाक्यच हरवायचं. तास बुडवून ती धावत यायची, ते चॅटसाठी की ह्याच्यासाठी? हा नवा नाद, की जुनाच?

एक दिवस तो म्हणाला, "ते पान उघडंस्तोवर छातीत लई धडधडतं. डॉक्टरीणबाई, गोळी हाय का काही?"

तो हसत होता. तिला हसता येईना.

"मी डॉक्टर नाही, सिद्धलिंग. होणारही नाही."

सगळं सांगून टाकलं तिनं. तोवर त्याच्या चहावर साय धरली.

"मंग हितं येऊन बसतीस, ते तरी खरं का?"

"तेच कळत नाहीये... तुझ्यासाठी येते, का नेटसाठी."

"मलाबी कळंना झालंय," तो हळू म्हणाला. "सोमवारी कॅफे बंद असतो. तवा ये. कळंल."

रविवारभर देविकानं जायचं नाही असं ठरवलं, मग जायचं ठरवलं, पुन्हा...

सोमवारी शटरला पाठ लावून तो तिच्याआधीच उभा होता.

"सकाळी नकाशा बघाया बसस्टँडजवळच्या कॅफेत गेलतो," तो म्हणाला. "दारातनंच परतलो."

"भीती वाटते?"

"व्हय... जमिनीची का तुझी, ते कळंना."

देविकाला हसू फुटलं, डोळेही भरून आले. जवळच्याच धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यानं ती चालू लागली आणि तो तिच्या बाजूनं, सावकाश.