एका प्रतीचं मेन्यूकार्ड

तो पहिल्यांदा प्रेसमध्ये आला तेव्हा मी कटिंग मशीनपाशी होते आणि टेबलावर दुसऱ्याच कुणाचं तरी मेन्यूकार्ड वाळत पडलं होतं. हात पुसत मी काउंटरवर येईपर्यंत त्याने मान तिरकी करून ते निम्मं वाचूनही टाकलं होतं.

"उलटं वाचता येतं वाटतं तुम्हाला?" कार्डावर कोरा कागद टाकत मी विचारलं.

"भूक लागली असली की येतं," तो म्हणाला आणि हसला.

हसणं छान होतं. म्हणूनच मला ते आवडलं नाही.

त्या वर्षी आमच्या गल्लीत सगळे एकमेकांकडे संशयानेच बघत होते. जुनी गोदामं, सायकलचं दुकान, बंद पडलेली पिठाची गिरणी... एकेक करत सगळ्यांच्या काचांवर आतून खाकी कागद चिकटले आणि बाहेर पाट्या लागल्या— 'लवकरच सुरू होत आहे'. तीन रेस्टॉरंट, दोन बार, एक कॉफीचं दुकान. दिवसभर ड्रिल मशीनची घरघर, हवेत लाकडाचा भुसा आणि वॉर्निशचा वास. एकाचा मालक दुसऱ्याच्या काचेसमोरून जाताना हमखास बुटाची लेस बांधायला वाकायचा आणि कागद कुठे फाटलाय ते शोधायचा.

आणि मेन्यूकार्ड छापायला सगळे आमच्याकडे. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या नजरेला पडता कामा नये, हा बाबांचा नियम. आता त्यांचे डोळे अधू झालेत, कागदाची जाडी ते अंगठ्याने ओळखतात. पण नियम तोच.

"बोला, काय छापायचंय?"

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. चारच पदार्थ. मशरूमचं सूप, लोण्यात परतलेला मासा, तीन तऱ्हेचे बटाटे, दालचिनी घालून भाजलेलं सफरचंद.

"रेस्टॉरंटचं नाव?"

"ठरायचंय अजून."

"जागा?"

"कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान."

"किती प्रती?"

"एक."

"एक? गिऱ्हाईकं आळीपाळीने वाचणार का?"

"एक मनासारखी जमू दे," तो म्हणाला. "मग बाकीच्या."

चिठ्ठी पुढे करताना त्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक आडवे डाग होते. ओव्हनच्या दाराचे असावेत. माणूस स्वयंपाकी होता, एवढं तरी खरं वाटलं.

संध्याकाळी मी मुद्दाम कोपऱ्यावरून गेले. शिंप्याच्या दुकानाला गंजलेलं कुलूप. खाकी कागद नाही, सुतार नाही, पाटी नाही. आत एक बिनडोक्याचा पुतळा, अंगात अर्धवट शिवलेला कोट.

इथे कोण रेस्टॉरंट काढतंय!

पण पुढच्या गुरुवारी तो आला. सूप काढायचं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सूप परत घालायचं होतं. बाबा आतून हाक मारायचे, "ए, तुझा दुरुस्तीवाला आलाय गं!" आणि मी "माझा कशाला?" असं नको तितक्या जोरात म्हणायचे.

एकदा मी त्याच्या प्रूफवर पेन्सिल चालवली. "'गरमागरम' काढून टाका."

"का?"

"गरम आहे ते जिभेला कळेलच. कागदाने कशाला सांगायचं?"

तो काउंटरवर वाकून म्हणाला, "अजून काय खटकतंय?"

"'खास आमच्या पद्धतीने'. प्रत्येकाच्या कार्डावर असतं ते."

"खोडा."

मी खोडलं. तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता... की हाताकडे, कोण जाणे. "तुम्हाला काय आवडतं खायला?" त्याने हळूच विचारलं.

"हे मेन्यूत घालायचंय का?"

"नाही," तो म्हणाला. "हे मला हवंय."

मी प्रूफ त्याच्यापुढे सरकवलं. त्या दिवशी मात्र एक अख्खा गठ्ठा मी उलट्या बाजूने कापला.

पाचव्या गुरुवारच्या दोन दिवस आधी काकू आल्या. नऊ नंबरच्या गोदामात त्यांचं रेस्टॉरंट दहा दिवसांनी उघडणार होतं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. समोरच्या नव्या बारबाहेर खडूने लिहिलेला फळा होता— 'शनिवारपासून. धुरावर भाजलेला भोपळा, अक्रोड आणि मध.'

"हा माझा पदार्थ आहे," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं घरच्यांना भोपळा खायला घालून घालून मी तो बसवलाय. तो दोघांनाच माहीत होता. मला आणि तुमच्या या टेबलाला."

बाबांनी चष्मा काढला. "माझ्या पोरीकडून असं व्हायचं नाही," ते म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कारण मला आठवलं होतं... पहिल्या दिवशी टेबलावर वाळत पडलेलं कार्ड काकूंचंच होतं. आणि त्यावर तिरकी झालेली ती मान.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बारच्या समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात उगाचच खिळे निवडत उभी राहिले. त्या बारच्या मालकाला अख्खी गल्ली 'गॉगल' म्हणायची, कारण घरात, दारात, ढगाळ हवेत तो कधीच गॉगल काढायचा नाही. पाऊण तास गेला. मग बाजूच्या दाराने एक माणूस आत शिरला. खांद्यावर एप्रन, बाह्या वर सरकवलेल्या.

माझा दुरुस्तीवाला.

दुकानदार विचारत होता, "किती इंची देऊ?" आणि मला काही ऐकूच येत नव्हतं.

गुरुवारी तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. चिठ्ठी भिजू नये म्हणून त्याने ती शर्टाच्या आत ठेवली होती.

"आज शेवटची ओळ—"

"गॉगलच्या बारमध्ये तुम्ही काय करता?"

तो थांबला. "स्वयंपाक," म्हणाला. "महिना झाला."

"आणि मला शिंप्याचं दुकान सांगता?"

"ते खरं होतं. दुसऱ्याच्या चुलीपुढे किती दिवस उभं राहायचं, म्हणून..."

"आणि भोपळा?"

"गॉगलने मला करायला सांगितला होता. मी नाही म्हणालो. त्यावरून आमचं वाजलं. आता त्याचा भाचा करणार आहे."

"पण त्याला तो कळला कुठून?" माझा आवाज चढला. "सांगा की! का मीच सांगू? उलटं वाचता येतं ना तुम्हाला!"

त्याचा चेहरा उतरला. "मला हे तुम्हाला सांगायचं नव्हतं," तो म्हणाला आणि छत्री तिथेच विसरून पावसात निघून गेला.

पळाला, मला वाटलं. चला, संपलं.

दहा मिनिटांत तो परत आला. हातात प्लास्टिकची पिशवी. त्यातून त्याने कागद काढून काउंटरवर ठेवले. बुटांचे ठसे उमटलेले, जागोजागी पिवळसर रंगाचे थेंब पडलेले. एक मी उलटा केला.

काकूंचं मेन्यूकार्ड. पहिल्या खेपेचं, रंग सरकल्यामुळे मी बाजूला टाकलेलं.

आणि मग मला गॉगलच्या बारमध्ये काम करणारा तो रंगारी आठवला. तीन आठवड्यांपूर्वी तो दारात आला होता, "ताई, खाली अंथरायला रद्दी द्या ना थोडी." मी फोनवर होते. टेबलाखालचा गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला होता. "घेऊन जा, सगळीच घेऊन जा," असंही म्हणाले होते वर. एक कागद उलटून पाहिला नव्हता.

"बारच्या फरशीवर दिसले तेवढे मी उचलून ठेवले," तो म्हणाला. "पण गॉगल त्याआधी आठवडाभर त्यावरून फिरत होता. तेवढ्यासाठी गॉगल काढला असेल त्याने... आयुष्यात पहिल्यांदा."

मला हसू आलं नाही. मी स्टुलावर बसले. अख्ख्या गल्लीवर संशय घेऊन झाला होता माझा, फक्त स्वतःच्या हातांवर तेवढा घ्यायचा राहिला होता.

"आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा आलो होतो सांगायला. पण तुम्ही माझ्या चार ओळी इतक्या जीव लावून वाचत होतात... जीभच उचलली नाही."

"आणि दुकान? त्याला तर कुलूप आहे."

तो छत्रीच्या मुठीशी चाळा करू लागला. "ते दुसऱ्याला गेलं. झाले तीन आठवडे."

"मग या दुरुस्त्या कसल्या करत होतात?"

"पहिल्या दिवशी मेन्यू खरंच हवा होता," तो म्हणाला. "नंतर... पन्नास प्रती सांगितल्या असत्या, तर एका फेरीत काम संपलं असतं ना."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. मी त्याच्याकडे न बघता कागद गोळा केले आणि उठले.

"कुठे?"

"काकूंकडे."

"मी येऊ?"

"नको. चूक माझी आहे." पायरीवर मी थांबले. "...दारापर्यंत या."

काकू शिडीवर चढून दिवा लावत होत्या. मी सगळं सांगितलं— रंगारी, रद्दी, 'सगळीच घेऊन जा'. त्या खाली उतरल्या, एक कागद उजेडात धरून बघितला. ओरडल्या नाहीत.

"बाबांना सांगितलंस?"

"आधी तुम्हाला."

"हं," त्या म्हणाल्या. "भोपळा गेला तो गेला. कार्डं मी आता दुसरीकडून छापून घेईन." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? मी वळले तशी त्यांनी हाक मारली. "उघडायच्या दिवशी ये. जेवायला. छपाईचा विषय काढायचा नाही."

बाहेर तो उभा होता, मिटलेली छत्री हातात आणि स्वतः चिंब. काय झालं, असं त्याने विचारलं नाही. रुमाल पुढे केला. त्याला कांद्याचा वास येत होता.

"कांद्यामुळे पाणी येतंय डोळ्यांत," मी म्हणाले.

"हो, हो. कांदा वाईटच," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मग बाबांना सांगितलं. त्यांनी रद्दीचा नव्याने साठलेला गठ्ठा पुढे ओढला, सुरी मागितली आणि अंगठ्याने चाचपत एकेका कागदाच्या पट्ट्या करायला बसले. मीही शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "दुरुस्तीवाल्याला चहाला बोलाव एकदा. नुसता काउंटरवर किती दिवस उभा करणार?"

काकूंचं रेस्टॉरंट दुपारच्या जेवणाने सुरू झालं. आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. त्याने गॉगलची नोकरी सोडली होती. सकाळी एका कॉलेजच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करत होता आणि दुपारी जागा शोधत होता. मी दुसऱ्या प्रेसचं मेन्यूकार्ड हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं.

"कटिंग तिरकं आहे," मी पुटपुटले.

"मनातल्या मनात खूश झालीस ना?"

'झालीस.' त्याच्याही ते लक्षात आलं बहुतेक, कारण तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... झालात."

"असू दे," मी म्हणाले. "आधीचंच बरं होतं."

काकूंनी गाजराचं सूप आणून ठेवलं आणि आमच्याकडे जरा जास्तच वेळ बघून गेल्या. त्याने चमचा उचलला, परत ठेवला.

"अजून संशय येतो माझा?"

"येतो."

"आता कसला?"

मी कार्ड मिटून बाजूला ठेवलं. "मला तू आवडतोस, हे तुला माझ्या आधी कळलं होतं... असा."

त्याने पाण्याचा ग्लास उचलून तोंडापर्यंत नेला, प्यायचं विसरला आणि तसाच खाली ठेवला. मग टेबलावरचा माझा हात हातात घेतला. सूप निवून गेलं तरी सोडला नाही.