खांद्यावरचं बिऱ्हाड

रुचिताला फक्त दही आणायचं होतं. म्हणजे दही निमित्ताला, खरं काम होतं चालणं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ऑपरेशननंतर रोज हळूहळू चाला. म्हणून सहाव्या दिवशी, भर दुपारी, ती पोटाला हात लावून शेजारच्या शकुनबाईकडे निघाली. अन् तिथंच सारी भानगड सुरू झाली.

गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असावं, ते रुचिताच्या पोटात पिशवीच्या बाहेर उगवलं होतं. अंडाशयाला, आतड्याला, जिथं जागा मिळेल तिथं. दर महिन्याला ती गुडघे पोटाशी घेऊन चार दिवस पडायची आणि सारं नाकाडोंगरी गाव ओट्यावर बसल्या बसल्या निदान करायचं, "होतेच असं बायाईले." माहेरी पाच, इथं सात, अशी बारा वर्षं हेच होत राहिलं. शेवटी नागपुरात त्याला एंडोमेट्रिओसिस असं लांबलचक नाव मिळालं, आणि अंडाशयावरच्या गाठीला चॉकलेट सिस्ट. त्या दिवसापासून सासूबाई मंदाबाईंनी घरात गोळी-चॉकलेटला बंदी घातली.

पोटाला तीन भोकं पाडून सगळं साफ केलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाके भरले की फार थांबू नका. हे पुन्हा वाढू शकतं. पुढचे काही महिने दिवस राहायला चांगले." लग्नाला सात वर्षं झाली होती. रुचितानं ते वाक्य भरल्या दुधाच्या भांड्यासारखं, सांडू न देता घरी आणलं.

पण दुखत होता खांदा. उजवा. दुर्बीण घालायला पोटात गॅस भरतात, तो थोडा मागे राहतो, खांद्यात कळ मारतो आणि चार दिवसांत जातो, असं कागदावर लिहून दिलं होतं. शकुनबाईला कागद वाचता येत नव्हता. पण त्यानं तिचं काही अडत नव्हतं.

"ऑपरेशन पोटाचं, अन् दुखते खांदा?" दह्याची वाटी तिच्या हातातच राहिली. "माय वो... बसलं ना कोणी."

"गॅस हाय काकी."

"गॅस सिलिंडरमंदी रायते. खांद्यावर बसते ते वायलंच."

रुचिता हळूहळू घरी पोचली, तोवर बातमी तिच्या आधी पोचून चहा पीत होती.

"वजन कसं लागते?" मंदाबाईंनी विचारलं. "जत्रेत लेकरू खांद्यावर घेतल्यावानी?"

रुचितानं खांदा चाचपला. कारण लागत होतं अगदी तसंच.

"दवाखान्यातून आलं संगं. तिकीट ना काही." मंदाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "वरचं बिऱ्हाड हाललं नाही, त पोटात येणारं कोण्या वाटेनं येईन?"

रुचिता बी.एस्सी. झालेली. एरवी ती हसली असती. पण हसलं की टाके ओढायचे, आणि हे वाक्य टाक्यांच्याही आत जाऊन लागलं.

कोणी वारलं की गावात पीठ पसरून त्यावर टोपलं झाकतात. गेलेला कोण्या जन्मात गेला, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. मंदाबाईंनी तोच उपाय जित्या माणसाला लावला. तांदळाचं पीठ चाळून रुचिताच्या खाटेपासून उंबरठ्यापर्यंत हातभर रुंदीचा पट्टा पसरला. "जाईन त पाय दिसतीन," म्हणाल्या, आणि शकुनबाईसोबत मागच्या सांदवाडीत जाऊन बसल्या.

सासरे यादोराव याच घडीची वाट पाहत होते. या म्हाताऱ्याची हौस अशी की मागच्याच आठवड्यात भूत बनून, पांढरी चादर पांघरून गावातल्या सोमाजीला भेवाडायला गेले, सोमाजीनं काठी हाणली, आणि डावा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. ते भिंतीच्या कडेकडेनं आत आले.

"श्श... सूनबाई, तू काही पाह्यलं नाही."

उकिडवे बसून त्यांनी उजव्या हाताची मूठ पिठात टेकवली, वर पाच बोटं टिपली. गोकुळाष्टमीला बाया काढतात तशी बाळपावलं! खाटेपासून उंबरठ्याकडे, एकामागून एक.

"मामाजी, हसवू नका, टाके उसवतीन!"

"तुह्या सासूच्या जिवाले बरं वाटन." मग आवाज उतरला. "अन् तुह्याही. गेलं समज, पोरी. आता मोकळ्या मनानं ऱ्हाय."

बाहेर जाऊन त्यांनी हाळी दिली. दोघी धावत आल्या. मंदाबाईंनी पावलं पाहून हात जोडले, डोळ्याला पाणी. शकुनबाई मात्र वाकून वाकून पाहत होती.

"मंदाबाई... सारे पाय उजवेच कसे?"

"लंगडी खेळत गेलं असंन," यादोराव म्हणाले.

मंदाबाईंनी नवऱ्याची मूठ पाहिली. मनगटापर्यंत पांढरी. मग त्यांनी झाडू उचलला आणि वरात सांदवाडीकडे गेली.

लाइन गेली. पंखा घरघरत थांबला. मॅंगनीज खाणीचे ट्रक जेवायला थांबतात ती वेळ. अंगणात वाळणाऱ्या मोहफुलांचा गोडसर वास, कच्च्या पिठाचा वास, आणि त्यात हळूच मिसळलेला तिसरा... आंबूस, कोमट. बाळानं दूध टाकल्यावर पदराला येतो तसा.

रुचिताचे डोळे जड झाले होते. तेवढ्यात आवाज आला.

थप्... थप्...

उंबरठ्याकडून. एका पायावर कुणी उडी घेत यावं तसा.

"मामाजी... पुरे आता."

उत्तर आलं ते लांबून, सांदवाडीतून. "अवं मंदे, मारू नको! प्लास्टर हाय!"

थप्.

खाटेपाशी आवाज थांबला. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा, वरून कुणी खाली उतरावं तसा, उजवा खांदा हलका झाला.

खूप वेळानं तिनं डोळे उघडले. झाडूपासून लपायला यादोराव तेव्हाच आत शिरत होते.

"मामाजी... हे परत येणारे पाय तुमीच काढले ना?"

यादोरावांनी खाली पाहिलं. त्यांची उजवी पावलं बाहेर चालली होती. त्यांच्या शेजारून, बोटं खाटेकडे केलेली, दुसरी रांग आत आली होती.

सगळी डावी.

म्हाताऱ्यानं आपलं प्लास्टर पाहिलं. वाकता न येणाऱ्या सुनेकडे पाहिलं. आले तसेच ते भिंतीच्या कडेकडेनं मागे सरले आणि आपल्या पायानं झाडूखाली जाऊन उभे राहिले.

रुचितानं मान वळवली. चादरीच्या काठावर थोडं पीठ लागलं होतं. तिथं मात्र दोन्ही पावलं होती. उजवं आणि डावं, जवळजवळ, थांबलेली.

तिनं पोटाला हात लावला. श्वास धरला. आणि टाके सांभाळत, हळूच, भिंतीकडे सरकून त्याला शेजारी जागा केली.