वाघाचा मुखवटा आणि दहाव्याचं पीठ

सयाजीआण्णा फेकतो, हे आम्हा पोरांना ठाऊक आहे. पलटणीतून सुभेदार होऊन आलो म्हणतो, आला हवालदार म्हणूनच. पण परवा रात्री दूधसंस्थेच्या पायरीवर, लाइट गेलेली असताना, ही गोष्ट सांगताना त्यानं तंबाखू मळायची थांबवली. म्हणून लिहितोय.

"राजाराम म्हाईत हाय न्हवं? आटपाडीच्या भायेर, टाकीजवळ, स्लॅबचं घर," आण्णा म्हणाला. "त्याच्या घरात झालेलं हाय. त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितलं. माज्याशी त्यो खोटं बोलत न्हाई."

"आन गावाशी?" प्रथमेशनं विचारलं.

आण्णानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

बारा जानेवारी, दोन हजार चोवीस. शुक्रवार. आदल्या दिवशी अमावस्या झालेली. संध्याकाळी सात वाजता राजाराम मैदा आणायला निघाला. नातीच्या शाळेत दुसऱ्या दिवशी वेशभूषेचा कार्यक्रम होता. बाईंनी बजावलेलं, मुखवटा विकतचा नको, घरी केलेला पाहिजे. नात राजनंदिनी, दुसरीतली. तिला वाघ व्हायचं होतं. फुगा फुगवून झालेला, पेपरच्या पट्ट्या फाडून झालेल्या. चिकटवायला तेवढी खळ हवी होती.

या पोरीशिवाय राजारामला घरात कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. पोरगा लष्करात, आसामात. बायको भामाबाई, तिच्याशी कामापुरतंच बोलणं उरलेलं. आणि पोरीची आई स्वप्ना दसऱ्यानंतर विहिरीत सापडलेली. तेराव्याला पोरीचा मामा तिला लोणंदला न्यायला आला, तर ती राजारामच्या धोतराला धरून म्हणाली, "मी आबांजवळ राहणार." तेवढ्या एका वाक्यावर म्हातारा जगत होता.

दुकान बंद. परत आला तर भामाबाई म्हणाली, "मैदाच कशाला लागतोय? त्यो वरचा डबा हाय की."

वरच्या डब्यात स्वप्नाच्या दहाव्याचं पीठ होतं. आमच्याकडं गेलेलं माणूस जिथं राहायचं त्या खोलीत दहाव्याच्या रात्री ताटात पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर पाटी उपडी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं, पिठावर कशाचं पाऊल उमटलंय. त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरतं. मग ते पीठ वाहत्या पाण्यात सोडायचं. त्या साली ओढ्याला पाणी नव्हतं. कालवा सुटला की सोडू, म्हणून डब्यात भरून फळीवर ठेवलं. कालवा सुटून गेला. पीठ राहिलं.

"पाऊल कशाचं हुतं?" मी विचारलं.

"चिमणीचं म्हणालो आमी." आण्णानं मूठ पायरीवर टेकली. "चिमणीचं नव्हतं. चार खळगं हुतं, एका ओळीत. दार वाजवताना मूठ कशी टेकती... तसं."

"मग चिमणी कशाला म्हणालास?"

"चौघं म्हणाली. मी बी म्हणालो."

राजारामनं पीठ चाळलं, आळ्या टाकल्या, खळ शिजवली. आजा-नातीनं तीन थर चढवले. ओलसर असतानाच फुगा फोडला, डोळे कापले, पिवळा रंग दिला, काळे पट्टे ओढले. खराट्याच्या काड्यांच्या मिशा.

"आबा, आता तुमी घाबरा."

"घाबरलो की. हे बघ, धोतार सुटलं."

पोरगी हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. रंग वाळायला मुखवटा सोप्यात खुर्चीवर, पंख्याखाली ठेवला. राजारामनं दाराची कडी लावली आणि तिथंच अंथरूण टाकलं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली. मोबाइलवर त्यानं वेळ बघितली.

खुर्ची रिकामी होती.

दार वाजलं. हळू. चारदा.

"आबा... कडी काढा."

पोरीचाच आवाज वाटला. लघवीला गेली असंल मुखवटा घालून, म्हणून तो उठला. हात कडीवर गेला. मग त्याच्या ध्यानात आलं. कडी आतून आहे.

खिडकीच्या गजातून बघितलं. वाघ उभा होता. पिवळा, ओला. राजारामच्या स्वतःच्या तोंडाएवढ्या उंचीवर.

"आबा. कडी कुणी लावली?"

आता सांगायला पाहिजे. विहिरीत सापडली त्याच्या आदल्या दिवशी स्वप्ना आजारी आईला बघायला लोणंदला गेली होती. एसटी चुकली. घरी यायला साडेअकरा वाजले. राजारामनं कडी लावलेली. सुनेनं वेळेत यावं, एवढं शिकवायचं होतं त्याला. ती दार वाजवत राहिली. फोन करत राहिली. भामाबाईनं फोन उशीखाली दाबला. दोनच्या पुढं आवाज थांबला. सकाळी विहीर.

"कुणी लावली, आबा?"

एक शब्द होता. मी. तेवढाच म्हणायचा होता.

राजाराम बोलला नाही.

दार वाजत राहिलं. हातानं नाही. कपाळानं वाजवल्यासारखं. जड. सावकाश...

दोन वाजले. मग थांबलं.

तो वळला. मधल्या दारात राजनंदिनी उभी होती. झोपेतून उठलेली. अनवाणी.

"आई हुती न्हवं?"

"न्हाई गं. वारा हाय. झोप."

पोरगी त्याच्याकडं बघत राहिली.

"त्या राती बी तुमी वाराच म्हणाला हुता."

...

पायरीवर कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली आणि लगेच विझवली.

"मग?" प्रथमेश म्हणाला.

"मग काय. सकाळी पोरीनं दप्तर भरलं. शाळंचं न्हवं, कपड्याचं. मामा येऊन घेऊन गेला. तवापासनं ती राजारामशी बोलली न्हाई. फोनवर बी न्हाई. त्यो रोज लावतोय."

"पंचनाम्याला तू हुतास न्हवं, आण्णा? काय लिहून दिलंस?" मी विचारलं.

आण्णानं चप्पल पायानं चाचपली. सापडत नव्हती.

"पाय घसरला म्हणून."

"आन राजारामनं कडीचं कवा सांगितलं तुला?"

आण्णा वाकून हातानं चप्पल शोधू लागला.

"पंचनाम्याच्या आधी."

शिवी माझ्या तोंडात आली होती. दिली नाही. दिली असती तरी काय झालं असतं. आण्णा उठला, अंधारात दोन पावलं गेला आणि आमच्याकडं पाठ करूनच बोलला. मुखवटा पुन्हा कुठं मिळाला नाही. राजारामनं सकाळी दार उघडलं तेव्हा ते बाहेरच्या बाजूनं रंगलेलं होतं. बाईमाणसाचं कपाळ येतं त्या उंचीवर, तळहाताएवढ्या जागेत, पिवळं. त्यावर काळे पट्टे, एकावर एक, कितीतरी वेळा टेकलेले. रॉकेलनं पुसलं. दोनदा ऑइलपेंट मारला.

"काल जाऊन हात लावला मी," आण्णा म्हणाला. "वलं हाय."