वळणापलीकडचा पॅसेज

रविवारी दुपारी इस्पितळाचा एक्स-रे विभाग बंद असतो, म्हणून आर्किटेक्टबाईंनी तीच वेळ धरली. काम तसं किरकोळ. तारांची टोपी लेकीच्या डोक्यावर चढवायची, तिला एक्स-रेकडे जाणाऱ्या पॅसेजच्या टोकापर्यंत चालवून आणायचं आणि तिच्या मेंदूचा आलेख पडद्यावर पाहायचा.

पॅसेज बाईंनीच आखलेला. नकाशा कायम करण्याआधी त्यांनी त्याच मापाचा नमुना उभारून त्यातून माणसं अशीच टोपी घालून चालवली होती. सगळी सुखरूप आली. फक्त त्यांच्या धाकट्या भावाचा आलेख पिसाळल्यासारखा उसळला. "ताई, भिंत जवळ येते गं," तो म्हणाला. वडिलांनाही बिनखिडकीच्या जागेत असंच व्हायचं. रक्तातलीच खोड, तिच्यापायी नकाशाला कशाला बोल लावायचा? बाईंनी त्याचा आलेख बाजूला काढला आणि पॅसेज बांधून घेतला.

पुढे भाऊ याच इस्पितळात दाखल झाला. एक्स-रेला एकटा जाणार नाही म्हणून त्याने गयावया केली. "लहान आहेस का? जा मुकाट्याने," बाई म्हणाल्या. तो पॅसेजमध्ये कोसळला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं निमित्त सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पण तेव्हापासून मन त्यांना खात होतं.

आणि हल्ली लेक लिफ्टमध्ये त्यांचा हात घट्ट धरायला लागली होती.

लेक निघाली. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण, फिनेलचा उग्र वास... वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली. बाई घाईने पडद्याकडे वळल्या. पडद्यावरची रेघ क्षणभर उसळली, पण लगेच संथ झाली.

"निवांत आहे पोरगी," पडद्यापाशी बसलेला तंत्रज्ञ म्हणाला. "उगाच जीव टांगणीला लावलात, मॅडम."

लेक परत आली तेव्हा बाईंना रडू आवरेना. त्यांनी तिला जवळ ओढलं.

"भीती नाही ना वाटली?"

"आधी वाटली. भिंत सरकत होती. मग मामाने ती हातांनी धरून ठेवली."

मामा गेला तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

"कोण... मामा?"

"तुला ताई म्हणतो तो. म्हणाला, हात भरून आलेत. आता ताईला पाठव."

लेकीने टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

"जा ना, आई," ती हळूच म्हणाली. "त्याला फार वेळ जमणार नाही... आणि उद्या इथे लोक येतील."