बकरीला नांगर लागत नाही

"अहो, अक्का निघाल्या," रेवतीनं आतून हाक दिली आणि धनाजी शिंत्रे चहाचा कप घेऊन लगबगीनं ओसरीवर आले. दर रविवारचा हा नेम होता. छपराखालून ते लाल गवतयंत्र आपलं आपण बाहेर पडायचं. वरची बसायची जागा रिकामी, चाक मात्र डावीउजवीकडं वळत राहायचं. जांभळाच्या मुळांपाशी ते हळू व्हायचं, दगडी पाट्याला वळसा घालायचं आणि घराला नमस्कार केल्यासारखं जरा अडून पुढं जायचं.

अक्का म्हणजे धनाजींची मोठी बहीण, शालन. तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा लागला होता. यंत्र मात्र तिच्याच हातानं चालत होतं.

यात जादू काही नव्हती. या नव्या यंत्रांना 'हातवळण' असतं. पहिल्यांदा जो चाक धरील त्याचा हात यंत्र शिकतं. तो वळण कुठं घेतो, चढावर पाय किती दाबतो, काय पाहून थांबतो, हे सगळं चाकातले आणि बैठकीतले संवेदक टिपून घेतात. मग शिक्षण मिटतं आणि पुढं यंत्र जन्मभर त्याच हातानं एकटं चालतं. कुणी चोरून भलतंच शिकवू नये म्हणून एका यंत्राला एकच हात, असा नियम.

हिरवळ संपली की यंत्र खालच्या बाजूला, भाताच्या खाचराच्या बांधापाशी जायचं. तिथं खाचराकडं तोंड करून गप्प उभं राहायचं आणि थोड्या वेळानं परत फिरायचं. धनाजींचा चहा तेव्हाच गार व्हायचा. ते रेवतीला म्हणायचे, "बघ, अक्का शेत बघत बसलीय." त्यांना बरं वाटायचं. माणूस गेलं तरी त्याची एक सवय घरात फिरतेय, एवढं कुणाच्या नशिबी असतं?

पण खाचर पडीक होतं. ते नजरेला आलं की बरं वाटणं तिथंच संपायचं.

निवृत्त होऊन धनाजी पुण्याहून आजऱ्याजवळच्या या जमिनीवर राहायला आले, तेव्हाच वडिलांच्या वेळचा पॉवर टिलर कायमचा बसला होता. इतकी वर्षं अक्कानं त्यावर एकटीनं घनसाळ भात पिकवलं होतं. लग्न होऊन वर्षाच्या आत माघारी आली ती इथलीच झाली. आता नवीन काहीतरी घ्यायला हवं होतं, म्हणून बहीणभाऊ गडहिंग्लजच्या दुकानात गेले.

दुकानातली पल्लवी बोलायला मोकळी होती. तिनं दोन यंत्रं दाखवली. एक बसून चालवायचं गवतयंत्र, दुसरा छोटा ट्रॅक्टर.

"काका, नुसती हिरवळ राखायची असेल तर हे गवतयंत्र बेस. हलकं आहे, जमीन दबत नाही, आवाज नाही. पण ते गवतच कापणार. ट्रॅक्टरला मागं नांगर लावा, ट्रॉली लावा, कटर लावून गवतही कापा. फक्त थोडा जड पडतो आणि शिकायला वेळ घेतो. गवतयंत्राचं हातवळण एका दिवसात मिटतं. ट्रॅक्टरचं नांगरटीपासून मळणीपर्यंत उघडं राहतं."

"मग हेच्यात इचार कसला करायचा?" अक्का म्हणाली. "ट्रॅक्टर घे, धना. त्यो गवतबी खातो. ही तुझी बकरी हाय बकरी. बकरीला नांगर लागत न्हाई."

"अक्का, अगं किती दिवस राबणार अजून? गुडघे बघ तुझे. तांदूळ काय, घरपोच मिळतो."

"घनसाळ मिळतो व्हय घरपोच?"

"तसलाच मिळतो."

"तसलाच," अक्का म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढून बसली. दोन्ही हात चाकावर ठेवून तिनं ते डावीउजवीकडं फिरवून बघितलं. मग तिनं पल्लवीला विचारलं, "पोरी, ह्येच्यात माझा हात ऱ्हाईल म्हणतीस?"

"हो अक्का, जन्मभर."

"कुणाच्या जन्मभर?"

पल्लवी हसली. "यंत्राच्या."

"मग लई झालं की."

धनाजीही हसले होते. हसले! अक्काचा हट्ट म्हणजे लहानपणापासूनचा, असं त्यांना वाटलं. त्यांच्या डोळ्यांपुढं वेगळंच चित्र होतं. सिडनीहून मुलगी येईल, नातवंडं हिरवळीवर लोळतील, अक्का झोपाळ्यावर पाय हलवत बसेल. आयुष्यभर चिखलात उभी राहिलेली बाई, तिला जरा सुख नको? त्यांनी गवतयंत्र घेतलं. खाचराला वर्षभर विश्रांती देऊ, पुढचं पुढं बघू, असं ठरवून टाकलं. आपण बहिणीचं भलं करतोय याची त्यांना इतकी खात्री होती की तिला पुन्हा विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

यंत्र घरी आलं ते अक्षय तृतीयेला. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. रेवतीनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आता पहिल्यांदा बसायचं कुणी? पल्लवीनं बजावून सांगितलं होतं, की ज्याच्या हातानं पुढं चालवायचंय त्यानंच पहिल्या दिवशी बसावं. पण आपल्याकडं असं चालतं का? घरातलं थोरलं माणूस समोर उभं असताना धाकट्यानं पुढं होऊन चाक धरायचं? नव्या घरात पहिलं पाऊल त्याचं, नव्या गाडीत पहिली बैठक त्याची. मान म्हणजे मान. शिवाय मनासारखं यंत्र घेतलं नाही, निदान मान देऊन तरी अक्काचा रुसवा काढावा, असंही धनाजींच्या मनात होतंच.

"बस अक्का. पहिला फेरा तुझा."

"मला कशाला रं बकरीवर बसवतोस," म्हणत अक्का बसली. पदर खोचला आणि दिवसभर उतरली नाही. जेवायला तेवढी आली. संध्याकाळी यंत्रानं बारीक शीळ घातली, म्हणजे शिक्षण मिटलं. अशा रीतीनं धनाजींच्या गवतयंत्रात त्यांच्या बहिणीचा हात बसला आणि गावाला वर्षभर पुरेल इतकी चेष्टा मिळाली. "शालनाक्कानं भावाला चारा कापायला बकरी दिली," असं लोक म्हणायचे. अक्काही हसायची.

त्या पावसात खाचर पडीक राहिलं. अक्कानं परसात चार मिरच्या लावल्या, झोपाळ्यावरही बसली. दिवाळीनंतर दुसऱ्यांच्या मळण्या सुरू झाल्या आणि वाऱ्यावर घनसाळचा वास आला, तेव्हा ती उठून आत गेली एवढंच. संक्रांत झाली आणि अक्का अंथरुणाला खिळली. पंधरवड्यात गेलीसुद्धा. पोटातलं दुखणं तिला वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

वर्षभरापूर्वीच! म्हणजे दुकानात ट्रॅक्टरवर चढून बसली तेव्हा तिला ठाऊक होतं. धनाजी दवाखान्याच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. नांगरटीपासून मळणीपर्यंत, असं ती पोरगी म्हणाली होती. मळणीपर्यंत अक्का होती की! चिखल कसा करायचा, पाणी कुठल्या कोपऱ्यातून काढायचं, बांध कुठं पातळ ठेवायचा, सगळं यंत्रात उतरलं असतं. सगळं शेत तिच्या हातात होतं, आणि त्यांनी त्या हाताला गवत कापायला बसवलं.

पुढच्या पावसात त्यांनी भाड्याचं शेतयंत्र आणलं. त्यात 'सरासरी हात' असतो, म्हणजे हजारो चालकांचे हात एकत्र करून काढलेला. त्यानं खाचर आरशासारखं सपाट केलं. पण या खाचराला कोपऱ्याकडं किंचित उतार हवा होता. तो अक्का दरवर्षी राखायची. पाणी तुंबलं, भाताच्या रोपांचा तरवा कुजला, वरचा बांध फुटून माती खाली गेली. आता अजून एक पावसाळा असाच गेला तर खालची तालही फुटून शेत वाहून जाईल, असं शेजारीपाजारी सांगत होते. तिनं जन्म घालून सांभाळलेली जमीन तिच्या मागोमाग निघाली होती.

अखेर धनाजींनी छोटा ट्रॅक्टर घेतला. तोच, जो तेव्हा घ्यायला हवा होता. आणि पल्लवीला विचारलं, "गवतयंत्रातला हात ह्यात घालता येईल?"

"आम्हा दुकानवाल्यांना हलवता येतो काका. पण जेवढा आहे तेवढाच येणार. त्यांनी जे केलंच नाही ते कुठून आणू?"

"येऊ दे. तिचा हात आहे. पुढचं तिचं ती बघेल."

पल्लवीनं घरी यायची तारीख लिहून घेतली. गिऱ्हाइकाला अशा वेळी काय सांगणार?

ती घरी आली त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं होतं. तिनं गवतयंत्रातला हात काढून ट्रॅक्टरमध्ये घातला. लाल यंत्र छपराखाली मुकं होऊन बसलं. मग मागं कटर लावून तिनं ट्रॅक्टर सोडला. निघाला तसा रेवतीनं तोंडाला पदर लावला. तीच चाल! जांभळापाशी हळू, पाट्याला वळसा, घरापुढं जरासं अडणं. नवं धूड होतं, पण आत अक्का होती.

हिरवळ संपवून ट्रॅक्टर बांधापाशी आला, खाचराकडं वळला आणि थांबला.

"इथं ती शेत बघत थांबते," धनाजी कौतुकानं म्हणाले. "नेहमीची सवय."

पल्लवीनं हातातल्या पडद्यावर बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "काका, हे बघत थांबणं नव्हे. माणूस बघायला थांबतो तेव्हा पाय हळूहळू काढतो. इथं चाक पूर्ण खाचराकडं वळवलंय, वेग वाढवलाय आणि मग ब्रेक करकचून दाबलाय. त्या आत जात होत्या. मध्येच कुणाची तरी हाक आलीय."

"हाक?"

"पहिल्या दिवशी ऐकलेल्या हाका यंत्र हुकूम म्हणून जपून ठेवतं. ऐकवू?"

आणि तिनं ऐकवलं. आधी पात्यांची बारीक घरघर, मग अक्काचा पुटपुटता आवाज, "चल गं बकरे, वळीव झालाय, बघू तुला नांगर लागतोय का." मग लांबून, ओसरीवरून, एका पुरुषाचं ओरडणं. "अक्का! तिकडं नको! अडकेल ते! थांब!"

धनाजींना आठवलं. हातात चहा होता तेव्हाही. ओरडले, ती थांबली, तिनं बराच वेळ खाचराकडं बघितलं आणि मुकाट्यानं यंत्र मागं वळवलं. ते पुन्हा चहा प्यायला लागले होते. वर्षभर ज्याला ते अक्काची सवय म्हणत होते, तो त्यांचाच शब्द होता. अक्का दर रविवारी खाचरात जायला निघत होती आणि ते दर रविवारी तिला थांबवत होते.

ते तरातरा बांधावर गेले. "अक्का," ते ओरडले, आणि इतक्या वर्षांची पुणेरी बोली गळून पडली. "जा की गं! जा आत! म्या काय म्हणत न्हाई, जा!"

ट्रॅक्टर हलला नाही. त्यांच्या आवाजातला एकच शब्द त्याला ठाऊक होता. ठरलेला वेळ झाल्यावर तो मागं फिरला आणि मुकाट्यानं हिरवळीकडं निघाला.

"काका," पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "ती हाक पुसता येते. मग ते थांबणार नाही. पण बांधापलीकडं त्यांचा हात शिकलेलाच नाही. एवढ्या वळणांवरून यंत्र अंदाज बांधेल, शालनअक्कांनी इथं काय केलं असतं त्याचा. कधी बरोबर येतो, कधी राहिलेला बांधही फोडतो. आणि तो हात अक्कांचा म्हणायचा का, ते मला सांगता यायचं नाही. नाहीतर सगळं पुसून तुम्ही बसा. तुमचा हात बसेल."

"माझा हात!" धनाजी स्वतःच्या तळव्यांकडं बघत कसंनुसं हसले. "ह्या हातानं काय केलंय ते ऐकवलंस की आत्ता."

पहिला टपोरा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. खाली खाचर भेगाळून पडलं होतं. वर ट्रॅक्टर पाट्याला वळसा घेत होता, अगदी तिच्यासारखा, उजवीकडं झुकून.

"पुस ती हाक," ते म्हणाले. पल्लवीचं बोट पडद्यावर गेलं आणि थांबलं, कारण धनाजींनी तिचा हात धरला होता. "थांब जरा, पोरी. ती आत गेली, आणि तिला आतलं काहीच आठवलं न्हाई, तर मी तिला परत कुठल्या तोंडानं हाक मारू?"