कडुलिंबाखालची स्कूटर

कलावती सकाळीच माधवीच्या फोटो स्टुडिओत आली. सेक्टर ६च्या मागच्या गल्लीत, अंधाऱ्या वळणावर तिचा नवरा नरेश तासाभरानं सायकलसकट मरून पडलेला सापडला, त्याला आज आठवा दिवस. धडक देणारा पळाला होता.

"ताई, त्या सांजेले तुमी त्याच गल्लीत हळदीचे फोटो काढून राहिल्या होत्या. मागं कोनाची गाडी आली असन तं पाहा ना."

"किती वाजता झालं?"

"सातले बोलले, पाच मिनटात पोचतो. सव्वासातले फोन उचललाच नाही."

फोटोंत मांडव झगमगत होता. मागचं कडुलिंब मात्र काळंठिक्कर. माधवीनं संगणकावर फक्त सावल्या उजळवल्या. आधी अंधारात ठिपक्यांसारखे दाणे उठले, मग आकार.

सहा पन्नासच्या फोटोत झाडाखाली स्कूटर, दिवा धड. सात दहाला जागा रिकामी. साडेसातला स्कूटर पुन्हा तिथंच, दिवा फुटलेला. सीटवर निळं ठिगळ.

ते ठिगळ माधवीनंच शिवलं होतं.

तिनं कलावतीला पडद्यामागच्या बाकावर बसवलं आणि श्रीधरला बोलावून घेतलं. तिचा मोठा भाऊ, स्कूटर त्याचीच. बाबा गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं, पहिला कॅमेराही त्यानंच घेऊन दिला.

"दादा, हळदीच्या दिवशी तू कुठी होता?"

"तिथंच, सैपाकाच्या कढईपाशी. हललो बी नाही."

"स्कूटर कोनाले देली होती?"

"कोनालेच नाही. चाबी माह्या खिशात होती."

"मंग दिवा कसा फुटला?"

"आदल्या रात्री स्टँडवरून पडली ना."

माधवीनं तिन्ही फोटो त्याच्यासमोर लावले.

"आदल्या रात्री फुटला, तं सहा पन्नासले साबूत कसा? सात दहाले स्कूटर जाग्यावर नाही. परत आली तं दिवा फुटलेला. अन् चाबी तुह्याच खिशात. तूच गेलता, दादा."

श्रीधरनं खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली.

"सैपाकाले दही संपलं होतं, तेच आनाले निघालो. मोडावर सायकल दिसलीच नाही मले. उतरलो बी होतो, माधवी. मंग घाबरलो."

"घंटाभर पडून होते ते! कोनाले हाक तरी मारायची. कावून नाही मारली?"



पडदा सरला. कलावती समोर येऊन उभी राहिली. ती आता दादाला मारेल, असं माधवीला वाटलं. मारावंच, असंही वाटलं.

"काही बोलले का ते?" कलावतीनं विचारलं.

श्रीधरची मान खाली गेली. "पाणी मांगत होते."

कलावती जमिनीवरच बसली. माधवीनं तिला एका हातानं कवेत घेतलं, दुसऱ्या हातानं पोलीस ठाण्याचा नंबर लावला. भावाकडे तिनं पाहिलं नाही.