आधी आणि नंतर

क्लेम ट्रँटर दारात पोचण्याआधी त्याचा वास घरात पोचला. सव्वीस वर्षं टी-ट्री नावाच्या झाडाच्या पाल्याची भट्टी लावून तेल काढणारा माणूस तो. त्याच्या अंगावर बसलेला डास म्हणे शिंकत उडायचा. बंगवालबिनच्या पाणथळीत असल्या गोष्टींवर विश्वास ठेवावा, नाहीतर तिथं दिवस जात नाहीत.

“शनिवारपर्यंत खोली रिकामी कर म्हणाली,” तो म्हणाला. “भट्टीमागची. माझी बायको त्याच खोलीत वारली. मी कुठं जाऊ?”

पर्ल डॉकरीनं चष्म्यावरून पाहिलं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी लोकांची खोटी दुखणी शोधून आता ती खासगी तपास करायची. तिचा भावोजी नॉर्व्हल टिबेट्स, निवृत्त पोस्टमास्तर, सर्दीनं गच्च, निलगिरी शिंपडलेला रुमाल नाकाला लावून कोपऱ्यात बसला होता. पर्लचा गाडीचा परवाना सरकारनं काढून घेतल्यापासून चाक त्याच्या हातात होतं आणि शिव्या तिच्या तोंडात.

“कोण म्हणाली?”

“ईनिड बीअर्डमोर, मालकीण. तिची भाची जोसी मुरुमांवर आमचंच तेल लावते. सोमवारी तिचा गाल सोलून निघाला. ईनिड म्हणते, बाटलीत मी काहीतरी कालवलं.”

“तुम्हीच का?”

“आदल्या आठवड्यात भांडलो. कोवळाच पाला कापायला लावत होती. मी म्हणालो, असंच चाललं तर हे तेल एक दिवस तुमच्या घरातल्यांचंच तोंड खाईल.”

“ऐकलं कुणी?”

“सगळ्यांनी.”

“वा. आरोपी असावा तर असा, स्वतःच बेडीचं माप देऊन आलेला.”

मळ्यावर ईनिडबाई ओसरीतच आडव्या आल्या. सत्तरीच्या, काटक, तोंडावर कुलूप लावल्यासारखा चेहरा.

“गुप्तहेर? तुझ्या वयाच्या बायका गोधड्या शिवतात.”

“मीही शिवते,” पर्ल म्हणाली. “आधी लोकांचे टाके उसवते, मग.”

“उसव. शनिवारी तो जाणार म्हणजे जाणार.”

पुढच्या खोलीत भिंतभर पोस्टर होतं. दोन फोटो शेजारी शेजारी, दोन्ही डाव्या बाजूनं घेतलेले. पहिल्याखाली ‘आधी’: गालभर पिकलेली मुरुमं. दुसऱ्याखाली ‘नंतर’: लोण्यासारखा गाल.

“कमाल आहे,” नॉर्व्हल म्हणाला. “कानाची पाळीसुद्धा सुटली. आधी गालाला चिकटलेली होती, नंतर मोकळी लोंबतेय.”

“तेल कानाचं नाही, कातडीचं आहे,” ईनिडबाई खेकसल्या. “चौदा औषध दुकानांत लागलंय हे. शुक्रवारी सिडनीहून फोटोवाला यायचा होता. देशभर जाणाऱ्या डब्यांसाठी जोसीचा नवा ‘आधी’ काढायचा होता, याच बाजूनं. आता काय काढेल, टाळू?”

खिडकीत पारदर्शक काचेची मोठी बाटली होती, फिकट पिवळ्या तेलानं भरलेली, बुचाची.

“पहिल्या भट्टीचं,” क्लेम म्हणाला. “सव्वीस वर्षं उन्हात आहे. टाकून द्या म्हटलं तर बाई ऐकत नाहीत. आम्ही विकायचं तेल तपकिरी काचेत भरतो. उजेड आणि हवा लागली की तेल बिघडतं. टर्पेंटाइनसारखा उग्र वास मारतं आणि कातडीला चावतं.”

पर्ल वाकून बघत राहिली. चौकटीतून निघालेली मुंग्यांची रांग बाटलीच्या गळ्याला वळसा घालून, बुचाच्या कडेनं फिरून निवांत परतत होती.

“आमच्याकडेही फार झाल्यात,” नॉर्व्हल म्हणाला.

“तुमच्याकडे बिस्किटं असतात, भावोजी.”

मागच्या खोलीत डेल्मा मलम घोटत होती. जोसीची चुलत बहीण, नितळ कातडीची. लांब कर्णफुलं हलवत ती वर न बघताच बोलली.

“विचारा. जोसीवर मी जळते का? नाही. तिच्यात जळण्यासारखं काय आहे?”

“टेबलाच्या पायांना चिंध्या कसल्या?”

“तेलात भिजवलेल्या. मलमात मध असतो, मुंग्या येतात. या तेलाच्या वासाला मुंगी वीतभर लांब राहते. एवढंही माहीत नाही आणि तपास करता?”

“म्हणून तर विचारते. जोसीची बाटली कोण भरतं?”

“तीच. शहाण्या बाईच्या वस्तूला हात लावलेला चालत नाही.”

जोसी मागच्या पायरीवर बसली होती. एकोणीस वर्षांची, ताठ. उजवा गाल, हनुवटी, कपाळ, सगळीकडे मुरुमांचे लाल ठिपके. डावा गाल मात्र हाडापासून जबड्यापर्यंत कच्च्या मांसासारखा. नॉर्व्हल जवळ जाताच तिनं नाक मुरडलं.

“निलगिरी. दुकानातली, आणि त्यातही हलकी.”

“नाक तिखट आहे तुझं,” पर्ल म्हणाली.

“भट्टीपाशी वाढले. डोळे बांधा, पाला कोणत्या महिन्यात कापला ते सांगते.”

“तेल कसं लावतेस?”

“सकाळ-संध्याकाळ. मुरुमं असतील तिथं सगळीकडे. दोन वर्षं झाली.”

“आणि गाल सोलण्याआधीच्या चार-पाच दिवसांत?”

“तसंच. रोजच्यासारखं.”

“फरक पडला दोन वर्षांत?”

“काहींना पडतो. चेहऱ्याचं तेल कमी होतं, मुरुमं सुकतात. मला नाही पडला.”

“पोस्टरवर तर पडलाय,” नॉर्व्हल म्हणाला.

जोसीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याला आपल्याच कानाची पाळी चाचपावीशी वाटली.

पर्लनं तिची तपकिरी बाटली मागून घेतली, बूच काढून हुंगली आणि नॉर्व्हलपुढे धरली.

“काही येतंय?”

“दोन दिवस झाले, मला कसलाच वास येत नाही, पर्ल.”

“बरं आहे. तुमच्याखेरीज या मळ्यात बाकी सगळ्यांना येतो.”

तासाभरानं तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. चहा कुणी विचारला नाही. ईनिडबाई भिंतीवरच्या टेलिफोनखाली बसल्या, डेल्मा दाराला टेकली, जोसी त्यांच्यापासून होता होईल तेवढी लांब. क्लेम उभाच होता. पर्लनं खिडकीतली बाटली टेबलावर ठेवली, थेंबभर तेल कागदावर टाकलं, जोसीच्या बाटलीतला थेंब शेजारी.

“ट्रँटर, वाफेनं काढलेलं तेल कागदावर किती टिकतं?”

“थोड्या वेळात उडतं.”

“बघू या. तोवर मुंग्यांचं ऐका. वीतभर लांब राहणारी मुंगी या बाटलीच्या गळ्यावर फेऱ्या मारत होती. कारण हिच्यात टी-ट्रीचं तेल नाहीच. तुमच्या स्वयंपाकातलं, मॅकॅडेमियाच्या दाण्यांचं खायचं तेल आहे. रंग जुळतो, म्हणून कुणाला कळलं नाही.”

“मग माझं पहिल्या भट्टीचं कुठं गेलं?” ईनिडबाई उठल्या.

“जोसीच्या बाटलीत. सव्वीस वर्षं ऊन खाल्लेलं. त्यानंच गाल भाजला.”

“म्हणजे यानंच ओतलं. यालाच माहीत होतं ते चावतं.”

“बाई, या घरात ते मांजरालाही माहीत आहे. ट्रँटरनं ओतलं असतं, नाहीतर डेल्मानं, तर जोसीनं बूच काढताक्षणीच ओळखलं असतं. सर्दट माणसाच्या रुमालातली निलगिरी हलकी की भारी ते सांगणारी मुलगी टर्पेंटाइनचा भपकारा ओळखणार नाही?”

नॉर्व्हल बोटांवर संशयित मोजत होता. तीन झाल्यावर बोट अडकलं.

“पण गाल तर तिचाच भाजलाय,” तो म्हणाला.

“एक गाल, भावोजी. मुरुमं चेहराभर. रोजच्यासारखं सगळीकडे लावलं असतं, तर सगळाच चेहरा गेला असता. बाटलीतलं तेल बदलणं कुणालाही जमेल. कोणत्या गालाला लावायचं, हे फक्त लावणारीच ठरवते. आणि शुक्रवारी फोटो निघायचा होता तो डाव्याच गालाचा.”

कागदावर एक डाग आक्रसत चालला होता. खिडकीतल्या बाटलीचा पसरून तेलकट बसला होता.

जोसीनं मान खाली घातली नाही.

“चौदा दुकानं,” ती म्हणाली. “कसिनो गावात पाव आणायला गेले तरी पोरं ‘आधीची आली’ म्हणतात. आता देशभर. मुरुमांचा फोटो विकतात, भाजलेल्या गालाचा कोण विकेल?”

“मला सांगितलं असतंस, पोरी,” क्लेम हळूच म्हणाला.

“तुम्हाला? ती पोस्टरं चिकटवायला तुम्हीच गेला होता, क्लेमकाका. सुरकुती पडू नये म्हणून हातानं चोळून चोळून.”

क्लेमनं आपल्या हातांकडे पाहिलं.

“आणि मी घराबाहेर पडलो असतो तरी गप्प बसली असतीस?”

“शनिवारपर्यंत बसणार होते,” जोसी म्हणाली. “पुढचं ठरलं नव्हतं.”

“नालायक कार्टी,” ईनिडबाई म्हणाल्या. “डेल्मा, शुक्रवारी तू—”

“ती पोस्टरवर आधीच आहे,” पर्ल म्हणाली. “‘नंतर’खाली. माणसाचे कान दोन वर्षांत सुटत नाहीत. फोटोवाल्याला मी तेवढं सांगून ठेवेन.”

डेल्मानं कर्णफूल मुठीत धरलं आणि तोंड फिरवलं.

ईनिडबाई खाली बसल्या. दात न उघडता म्हणाल्या, “खोली तुझीच राहील, ट्रँटर. जा, भट्टी पेटव. कालचा पाला हौदात कुजतोय.”

“कुजू दे,” क्लेम म्हणाला. सव्वीस वर्षांत त्यानं त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. “चौदा दुकानांना फोन करा. पोस्टर काढा म्हणा. चौदावा झाला की पेटवतो.”

“आणि नाही केला तर?”

“तर शनिवारी मीच जातो. बघा, कोण चालवतं.”

ईनिडबाईंनी एकेकाकडे पाहिलं. कुणाच्याही तोंडावर दया नव्हती. त्यांनी उठून रिसीव्हर उचलला.

“हॅलो. बीअर्डमोर बोलतेय. ते पोस्टर उतरवा... नाही, तेलाला काही झालेलं नाही.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी जोसीकडे पाहिलं. जोसीनं मदत केली नाही. “कारण दुसऱ्या फोटोतली मुलगी दुसरीच आहे,” त्या पुटपुटल्या.

“त्याला ऐकू आलं नसेल, आत्या,” जोसी म्हणाली. “मोठ्यानं सांगा.”